कुत्र्यांना भुंकण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
पशुकल्याण व दत्तक विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : ज्येष्ठ परिचर (महिला), श्वान कक्ष, प्राणी निवारा केंद्र.

विषय : येत्या रविवारचा दत्तक मेळावा श्वान कक्षावरील सभागृहात न भरविणेबाबत, तसेच केंद्रातील कुत्र्यांना भुंकण्याची लेखी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे ‘शांत कक्ष’ परिपत्रक.
२) याच विषयावरील माझे यापूर्वीचे दोन अर्ज (लेखी उत्तर अप्राप्त).
३) मी कार्यालयीन वेळेत भुंकल्याबद्दल मला बजावलेली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करते की, रविवारी आपल्या शुभहस्ते ज्या सभागृहात मेळाव्याचे उद्घाटन होणार आहे, त्या सभागृहाची जमीन म्हणजेच माझ्या श्वान कक्षाचे छत आहे. ते छत पडेल अशी मला भीती वाटते. हे वाक्य मागील दोन्ही अर्जांत मी शेवटी लिहिले होते. तिथपर्यंत आपण स्वतः वाचले नसावे, म्हणून या वेळी पहिल्याच परिच्छेदात लिहीत आहे.

१. मी या केंद्रात नोकरीला लागले तेव्हा आत्ताच्या बाईसाहेब, म्हणजे पशुवैद्यक, शाळेत जात असतील. तेव्हापासून कक्षातले खाणे, धुणे, औषध आणि मलमपट्टी मीच करते. कुत्री घरी जावीत, दत्तकाचा आकडा वाढावा, पिंजरे रिकामे दिसावेत, ही इच्छा आपल्या विभागाला झाली त्याच्या कितीतरी आधीपासून मला आहे. त्यामुळे माझा सुधारणांना विरोध आहे असा जो शेरा माझ्या फाइलवर मारला गेला आहे, तो कृपया खोडण्यात यावा. सुधारणा झाली तेव्हा सर्वांत जास्त पेढे मीच वाटले होते.

२. सुधारणेची हकीकत आपणांस ठाऊक आहेच, तरी अर्ज पूर्ण व्हावा म्हणून लिहिते. विभागाने दत्तक-वृद्धी सल्लागारांची नेमणूक केली. त्यांनी पहिल्याच दिवशी कक्षाच्या दारात उभे राहून कानांवर हात ठेवले आणि निदान केले की, लोक कुत्रा न्यायला येतात, पण भुंकणे ऐकून दारातूनच परत फिरतात. निदान खोटे नव्हते. मग दारावर घंटा बसली. प्रत्येक पिंजऱ्याला बिस्किटांचा डबा लटकला. नियम असा, की आत येणाऱ्याने, मग तो पाहुणा असो, झाडूवाला असो की मी, घंटा वाजवून यायचे. जो कुत्रा गप्प बसून आपल्या हाताकडे बघेल त्याला बिस्किट द्यायचे. जो भुंकेल त्याच्याकडे पाठ फिरवायची. कुत्र्याला उपाशी राहण्यापेक्षा पाठ फिरवलेली जास्त झोंबते, हे त्या सल्लागारांना बरोबर माहीत होते. महिना उलटायच्या आत कक्ष असा शांत झाला की, आलेल्या बायका आपापल्या मुलांना म्हणू लागल्या, “बघ, कशी शहाण्यासारखी बसलीयत! नाहीतर तू!”

३. दत्तकाचा आकडा दुप्पट झाला. आम्हांला ढाल मिळाली. मागच्या इमारतीतल्या रहिवाशांनी आवाजाबद्दलची जुनी तक्रार मागे घेतली आणि आभाराचे पत्र दिले. आमच्याकडे एक काळा-पांढरा कुत्रा आहे. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाशी तो हुज्जत घालायचा, म्हणून आम्ही त्याला वकील म्हणतो. तो वकीलसुद्धा घंटा वाजताच खाली बसून हाताकडे पाहू लागला. त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. आता हसू येत नाही.

४. मला पहिल्यांदा धास्ती वाटली ती तांबू या आमच्या तांबड्या कुत्र्याच्या वेळी. तांबूचा पंजा गटाराच्या जाळीत अडकला. सोलून निघाला. किती वेळ अडकला होता कोण जाणे. मी सकाळी घंटा वाजवून आत गेले, तर तो त्या पायानिशी बसून माझ्या हाताकडे बघत होता. शेजारच्या पिंजऱ्यांतली कुत्रीही बसून बघत होती. कोणी हूं की चूं केले नाही. त्याने ओरडावे म्हणून मी तिथेच रडले, महोदय, पण त्याला वाटले मी बिस्किट द्यायला उशीर करते आहे. बाईसाहेबांनी टाके घातले. तेव्हाही तो गप्प होता.

त्यानंतर माझ्या लक्षात आले की, रस्त्यावरून पकडून आणलेला नवा कुत्रासुद्धा जेमतेम दोन-तीन दिवस भुंकतो. मग बाकीची सगळी त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्या नजरेनेच तो गप्प होतो. मोठ्या घरात नवी सून गप्प होते तसा. त्याला शिकवायला आता आमची गरज उरलेली नाही.

५. दत्तक दिलेल्या घरांची हकीकत अशी. एका निवृत्त पोस्टमास्तरांकडे चोर आला. कुत्रा त्याच्यासमोर बसून त्याच्या हाताकडे बघत राहिला. चोराने कपाट साफ केले आणि जाताना त्याला स्वयंपाकघरातला पाव देऊन गेला. पोस्टमास्तर तक्रार घेऊन आले, तेव्हा आपल्या कार्यालयाने त्यांस कळविले की, प्राण्याचे वर्तन दत्तक-प्रमाणपत्रातील वर्णनाशी जुळणारे आहे.

हे हसण्यावारी नेता येईल. पुढचे येणार नाही. कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका आजींनी आमच्याकडून एक पांढरी कुत्री नेली. एकट्या राहायच्या, सोबत हवी म्हणून नेली. आजी न्हाणीघरात पडल्या. कुत्री दाराबाहेर बसून बंद दाराकडे बघत राहिली. मधल्या भिंतीपलीकडे शेजारी दिवसभर घरातच होते. ते मला म्हणाले, “अहो, ती एकदा भुंकली असती ना, तर मी दार फोडून आत गेलो असतो.” आजी गेल्या. कुत्री केंद्रात परत आली. परतीच्या नोंदीत सल्लागारांनी लिहिले आहे : ‘स्वभाव अत्यंत शांत. पुन्हा दत्तक देण्यास योग्य.’ रविवारी तिला पहिल्यांदा मंचावर नेणार आहेत.

६. आता छताविषयी. सल्लागारांचे दुसरे निदान असे होते की, शेवटच्या पिंजऱ्यांतली कुत्री दत्तक जात नाहीत, कारण मधल्या खांबामुळे ती दारातून दिसत नाहीत. हेही खोटे नव्हते. म्हणून खांब काढण्यात आला. तो काढताना कामगारांनी घण घातले, धुरळा उडाला, आणि एकही कुत्रा भुंकला नाही, याचे त्या दिवशी सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. मग छताखाली फळ्या ठोकून त्यांवर निळे आभाळ आणि ढग रंगवले. ढग सुरेख झाले आहेत. त्यांच्यामागे काय चालले आहे ते आता कोणालाच दिसत नाही.

७. मला जे दिसते ते असे. कक्ष आणि माझे स्वयंपाकघर यांच्यामध्ये भांडी सरकवण्याची एक खिडकी आहे. तिला घंटा नाही. त्या खिडकीतून न बोलता पाहिले की सगळी कुत्री बसलेली असतात आणि सगळ्यांच्या माना वर असतात. आमच्या आंधळ्या म्हाताऱ्या कुत्रीची सुद्धा. ती खांबाच्या जागेच्या वर बघतात. वर सभागृहात कोणी चालले की कान मागे जातात. भुंकण्याच्या वेळी पोट हलते तसे पोट हलते, तोंड उघडते, आणि आवाज येत नाही. वकिलाच्या तोंडातून लाळ गळते. हे मी रोज बघते. हे बघून मला स्वयंपाकघरात एकटीने उभे राहवत नाही.

सल्लागारांना सांगितले, तर ते म्हणाले, “त्यांना ढग आवडतायत.”

८. कृपया हा मुद्दा दोनदा वाचावा. पाण्याच्या भांड्यांत सकाळी पांढरी भुकटी तरंगते. फक्त मधल्या पिंजऱ्यांच्या भांड्यांत. मी ती बाटलीत भरून पहिल्या अर्जासोबत पाठवली होती. त्यावर आपल्या कार्यालयाकडून भांड्यांची झाकणे आली.

९. दुसऱ्या अर्जानंतर कनिष्ठ अभियंता पाहणीस आले, याबद्दल मी आभारी आहे. परंतु ते नियमाप्रमाणे घंटा वाजवून आत आले. घंटा वाजताच सगळ्या माना खाली आल्या आणि सगळ्यांचे डोळे अभियंत्यांच्या हाताला लागले. त्यांनी काठीने ढगांवर दोन ठिकाणी ठोकले, बिस्किटे वाटली आणि म्हणाले, “किती गुणी आहेत हो! माझ्या घरच्यांना दाखवायला पाहिजेत.” फळ्या काढून वर बघा, अशी मी विनंती केली. ते म्हणाले, मेळाव्याच्या तोंडावर रंगकाम बिघडेल, त्यानंतर बघू. त्यांचा अहवाल असा : ‘प्राणी पूर्णतः शांत. धोक्याची कोणतीही चाहूल त्यांच्या वर्तनातून दिसत नाही.’

महोदय, ज्यांच्या तोंडाला आपणच कुलूप घातले, त्यांच्या गप्प बसण्याचा दाखला घेऊन आपण निर्धास्त होणार असाल, तर मग बोलणेच खुंटले.

१०. कारणे दाखवा नोटिशीचा खुलासा येथेच करते. मी भुंकले हे खरे आहे. कार्यालयीन वेळेत भुंकले हेही खरे आहे. अभियंते येतील तेव्हा त्यांच्यासमोर एका तरी कुत्र्याने तोंड उघडावे, यासाठी ते येण्याआधी मी वकिलाच्या पिंजऱ्यासमोर गुडघे टेकून बसले आणि त्याला आठवण करून द्यावी म्हणून भुंकून दाखवत होते. घंटा न वाजवता मीच नियम मोडून आत गेले होते, तोही दोष मान्य. त्या वेळी एक कुटुंब कुत्रा बघायला आले आणि त्यांचा लहान मुलगा घाबरला, याबद्दल दिलगीर आहे. वकिलाने माझ्याकडे पाठ फिरवली. तो नियम त्यालाही पाठ झाला आहे.

या प्रकाराची चर्चा शहरभर झाली. माझ्या मुलीचा फोन आला. ती म्हणाली, “आई, तू ऑफिसात भुंकतेस म्हणे? अगं, यांच्या ऑफिसातसुद्धा कळलंय. लोक हसतायत गं.” मी तिला छताचे सांगितले. ती म्हणाली, “इंजिनिअर बघून गेलेत ना? मग तू का जीव जाळतेस?”

११. हे घरचे येथे लिहिण्याचे कारण, रविवारी पहिल्या कुत्र्याचा पट्टा आपल्या हातून जिने घ्यायचा आहे, ती मुलगी माझी नात आहे. सल्लागारांनीच तिची निवड केली. परिचराचीच नात म्हटल्यावर वर्तमानपत्रात छान दिसेल, असे ते म्हणाले. तिने नवा फ्रॉक आणला आहे. कुत्र्याचे नाव काय ठेवायचे, हे मला ती फोनवर रोज नवीन सांगते. मी मुलीला म्हटले, तिला तापबीप आल्याचे सांग, आणू नकोस. मुलगी चिडली. आईने आपल्या नोकरीतल्या भांडणापायी नातीच्या आनंदात मोडता घातला, असे तिचे म्हणणे आहे. मी आता कोणाकोणाला समजावू? नात आली नाही तर तिच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी नात येईल, हेही मला कळते. म्हणून रजा न मागता हा अर्ज करते आहे.

१२. माझ्या मागण्या खालीलप्रमाणे आहेत.

मेळावा समोरच्या मैदानात घ्यावा. ऊन लागेल, पण उन्हाने कोणी दबून मरत नाही. ढगांच्या फळ्या काढून छत उघडे करून बघावे आणि तोवर सभागृहास कुलूप लावावे. दारावरची घंटा काढावी. आणि कुत्र्यांना भुंकू द्यावे, तसे लेखी द्यावे, कारण तोंडी परवानगी सल्लागार मान्य करीत नाहीत.

दत्तकाचा आकडा घटेल, ही आपली भीती रास्त आहे. त्यावर माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे उपाय असा, की कुत्रा थोडे दिवस घरी नेऊन पाहण्याची सोय ठेवावी, आणि पिंजऱ्यावर त्याचा खरा स्वभाव लिहावा. ‘हा भुंकतो. अनोळखी माणसाला भुंकतो, पडलेल्या माणसासाठी भुंकतो.’ असे वाचून जो नेईल, तो परत आणून सोडणार नाही. थोडी कमी जातील, पण गेलेली घरी राहतील. गप्प कुत्री आपण पुष्कळ वाटली. ती ज्या घरांत गेली आहेत त्या घरांत आत्ता काय चालले आहे, ते आपल्याला कोण सांगणार आहे?

१३. अर्ज येथे संपवणार होते, परंतु आज सकाळी जे घडले ते लिहिणे माझे कर्तव्य आहे. नियमभंग आहे, तोही कबूल करते.

सकाळी साफसफाईसाठी पहारेकऱ्याने बाहेरचे दार उघडले, तेव्हा मी सर्व पिंजऱ्यांची दारे उघडली आणि उघडीच ठेवली. कुत्रीच पळाली तर मेळावा कशाचा भरवणार, असा माझा सरळ हिशेब होता. एकही बाहेर आले नाही. उघड्या दारात बसून सगळी माझ्या हाताकडे बघत राहिली. “जा रे, जा,” म्हणून मी ओरडले, हात जोडले, एकीला तर ढकलले. ती परत जागेवर येऊन बसली. मग मी हरले आणि स्वयंपाकघरात जाऊन खिडकीशी उभी राहिले.

मी दिसेनाशी झाल्यावर ती उठली. वकील आधी बाहेर आला. त्याच्यामागून तांबू लंगडत आला, मग बाकीची. आंधळ्या म्हातारीला दोघांनी दोन बाजूंनी अंग लावून आणले. नुकत्याच व्यालेल्या कुत्रीने पिल्ले मानेला धरून एकेक करून हलवली. सगळी बाहेरच्या दाराशी, जिथे जुनी जाड भिंत आहे तिथे, एकमेकांना चिकटून बसली. बाहेरचे दार तोवर पहारेकऱ्याने बाहेरून पुन्हा लावून घेतले होते. त्याची किल्ली नोटिशीनंतर माझ्याकडून काढून पहारेकऱ्याकडे देण्यात आली आहे. इतक्या कुत्र्यांच्या नखांचा काय आवाज होईल तेवढाच झाला. कक्षाचा मधला भाग त्यांनी पूर्ण रिकामा ठेवला. एक पिल्लू खेळत तिकडे गेले, तर तीन मोठी कुत्री धावली आणि त्याला ओढून घेऊन आली.

मी पहारेकऱ्याला हाक मारली, म्हटले, “दादा, एकदा येऊन डोळ्यांनी बघा, साक्षीदार व्हा.” तो भला माणूस धावत आला, आणि सवयीने त्याने घंटा वाजवली. सगळी उठून आपापल्या पिंजऱ्यांत गेली आणि बसली. तो आत येऊन मला म्हणाला, “काय झालं काकू? छान तर बसलीयत.”

तरी आपणांस कळकळीची विनंती की, आपण स्वतः रविवारच्या आत यावे. मागच्या दाराने यावे. घंटा वाजवू नये, जोडे काढून यावे, आणि माझ्या खिडकीतून बघावे. मी चहाही विचारणार नाही, कारण कपाचा आवाज होतो. आपण नाही आलात तर मला माझ्या परीने जे सुचेल ते मी रविवारी करीन आणि त्याबद्दल जी शिक्षा असेल ती भोगीन. आधी कळवले नाही, असे मात्र नंतर कोणी म्हणू नये.

कळावे, आणि या वेळी खरोखरच कळावे.

आपली आज्ञाधारक,
(सही)
ज्येष्ठ परिचर, श्वान कक्ष
दिनांक : शुक्रवार, दुपार.

सोबत : १) पांढऱ्या भुकटीची दुसरी बाटली.
२) शेजाऱ्यांचा, आजींच्या मृत्यूबाबतचा जबाब.
३) भांड्याचे झाकण, एक (परत).

ता. क. : अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी मी वर सभागृहात जाऊन आले. रविवारची मांडामांड सुरू झाली आहे. पाहुण्यांच्या खुर्च्या भिंतींच्या कडेने आहेत, आपलीही तिथेच आहे. मुलांना मंच नीट दिसावा म्हणून त्यांना मधोमध बसवणार आहेत, सतरंजीवर, दाटीवाटीने. मी पावले मोजून खाली आले आणि खिडकीतून बघितले. कुत्र्यांनी सकाळी जेवढी जागा रिकामी ठेवली होती, सतरंजी बरोबर तेवढीच आहे. आत्ता वर सामान ओढल्याचा आवाज येतो आहे. खाली कोणीही भुंकत नाही.